मांडव आपल्या दारात

इंदुरात आंतरराष्ट्रीय सामना जाहीर झाला की होळकर स्टेडियमच्या आसपास राहणाऱ्यांचे नातेवाईक एकदम वाढतात. देवासचा आतेभाऊ, महूच्या वहिनी, उज्जैनहून कुणाचे तरी व्याही. तब्येतीची चौकशी होते, मुलांची होते आणि चौथ्या वाक्याला गाडी पासावर येते. रेसकोर्स रोडला घर म्हणजे पास घरपोच येत असणार, हा समज काही केल्या जात नाही. पास ही किती नाजूक वस्तू आहे ते 2018 साली दिसलं. मानाच्या फुकट पासांवरून मध्य प्रदेश क्रिकेट संघटना आणि भारतीय मंडळ यांचं जमलं नाही आणि वेस्ट इंडीजविरुद्धचा ठरलेला एकदिवसीय सामना विशाखापट्टणमला गेला. शहर हळहळलं. जंजीरवाला चौराह्याजवळच्या काही घरांना मात्र, खोटं कशाला बोला, हायसं वाटलं असणार.

लग्न दुसऱ्याचं आणि मांडव आपल्या दारात, असा हा प्रकार. ग्वाल्हेरचं नवं मैदान शंकरपूरला, वडोदऱ्याचं कोटंबीला. दोन्ही वस्तीपासून लांब. आपलं मैदान ऐन शहरात. पायी जाता येतं हे सुख खरंच, पण तीस हजारांच्या आसपास माणसं बसतात आणि सगळीच काही पायी येत नाहीत. निम्मे लोक एका स्कूटरवर दोघे असे आले असं धरलं, तरी साडेसात हजार स्कूटरी झाल्या. एकीला दोन चौरस मीटर म्हटलं की पंधरा हजार चौरस मीटर, म्हणजे फुटबॉलची दोन मैदानं नुसत्या स्कूटरींनी भरली. मोटारी अजून मोजल्याच नाहीत. शाळांची मैदानं पुरत नाहीत, मग गल्ल्या भरतात आणि शेवटी आपलं फाटक अडतं. फाटकावर ‘गाडी लावू नये’ अशी पाटी लावून उपयोग नसतो, ती सगळ्यांच्याच फाटकावर असते. दोन कुंड्या आणि एक जुनी खुर्ची बाहेर मांडली तर लोक थोडे बिचकतात.

स्वतःच्या गाडीचा निर्णय सकाळीच घ्यावा लागतो. बॅरिकेड लागल्यावर आत राहिलेली गाडी रात्रीपर्यंत आतच. संध्याकाळी बाहेर पडायचंच असेल तर ज्या दिशेला जायचंय त्या बाजूला, बंदोबस्ताच्या पलीकडे, सकाळीच नेऊन ठेवायची. परत येताना पत्त्याचा पुरावा लागतो, आणि इथे गंमत होते. नाक्यावरचा शिपाई बऱ्याचदा दुसऱ्या ठाण्यातून आलेला असतो. त्याला ना गल्ल्या ठाऊक, ना माणसं. आपण ऐटीत आधार काढतो आणि त्यावर अजून रामबागेचा जुना पत्ता! वीजबिलाचा फोटो मोबाईलमध्ये असू द्यावा, ते चालतं. मोबाईल चालेलच असं नाही. एकाच टॉवरवर हजारो फोन तुटून पडले की रेंजचे दांडे पूर्ण दिसतात आणि फोन लागत नाही. घरच्या वायफायवरून कॉल करायची सोय आदल्या दिवशीच चालू करून ठेवलेली बरी. गॅसचा सिलिंडर, औषधं, कामवाल्या बाईंची वेळ, सगळं आदल्या दिवशी. घरात डायलिसिसचा पेशंट असेल तर त्या दिवसाची वेळ आधीच बदलून घ्यावी. अँब्युलन्सला वाट देतात, पण गर्दी बाजूला सरकायला वेळ लागतोच.

कसोटी सकाळी साडेनऊला, एकदिवसीय सामना दुपारी दीडला, टी-ट्वेंटी संध्याकाळी सातला. यात त्रासाला सर्वांत वाईट टी-ट्वेंटी, कारण तिची गर्दी आणि ऑफिस सुटल्याची गर्दी एकाच चौराह्यावर भेटतात. तरी येणारी गर्दी सोसवते. फाटकं लवकर उघडतात, लोक दोन-तीन तासांत विखरून येतात. निघताना मात्र सगळ्यांना एकाच अर्ध्या तासात निघायचं असतं, शिवाय जो सर्वांत आधी आला त्याची स्कूटर सर्वांत आत अडकलेली.

म्हणून इथल्या माणसाला एकतर्फी सामना प्रिय. जानेवारी 2024 मध्ये अफगाणिस्तानच्या 172 धावा भारताने 15.4 षटकांतच ओलांडल्या. असा पाठलाग असला की बाराव्या-तेराव्या षटकापासून मागच्या रांगा उठू लागतात आणि रस्ता हप्त्याहप्त्याने मोकळा होतो. उलट उदाहरण 19 ऑक्टोबर 2025 चं. महिला विश्वचषकात इंग्लंडने भारताला अवघ्या 4 धावांनी हरवलं, तेही रविवारी, ऐन दिवाळीच्या तोंडावर. अशा सामन्यात शेवटच्या चेंडूपर्यंत कोणी हलत नाही, मग सगळे एकदम. अटीतटीचा सामना बघावा तो दुसऱ्या गावचा.

घरात बसून बघायचा तर आणखी एक अडचण. मैदानातला आवाज गच्चीवर लगेच पोहोचतो, टीव्हीवरचं चित्र काही सेकंद मागे असतं आणि मोबाईलवरचं तर कधीकधी अर्धा मिनिट. गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला चेंडू पुसतोय आणि बाहेर गर्जना होऊन गेलेली. चौकार की षटकार एवढंच काय ते बघायचं उरतं. आपला गडी बाद झाला तर गर्जना होत नाही, सगळं एकदम थंड होतं. जाणकार मंडळी त्या शांततेवरूनच ‘गेला’ म्हणून मोकळी होतात आणि घरच्यांच्या शिव्या खातात. खिडक्या घट्ट लावून आवाज वाढवला तरच थोडीफार उत्सुकता टिकते.

कसोटीचा हिशेब वेगळा. होळकरवर 2016, 2019 आणि 2023 अशा तीन कसोट्या झाल्या. ठरलेले दिवस पंधरा, खेळ चार, तीन आणि तीन दिवसांत आटोपला. 2023 ची कसोटी धर्मशालेहून इकडे आली ती जेमतेम पंधरवडाभर आधी कळवून. ऑस्ट्रेलियाने ती तिसऱ्या दिवशी सकाळीच जिंकली. खेळपट्टीला आधी ‘खराब’ शेरा मिळाला, पुढे तो ‘सरासरीपेक्षा कमी’ असा सौम्य झाला. पाच दिवसांचं सामान भरलेल्या खाण्याच्या ठेल्यांना हा शेरा फारच सौम्य वाटला असणार. बाकी गल्लीला दोन दिवस आयते मोकळे मिळाले.

सामना संपला की गर्दीतली बरीचशी माणसं सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीकडे वळतात आणि मागे राहतात पाण्याच्या बाटल्या, कागदी झेंडे आणि चार-दोन अनाथ हेल्मेटं. हेल्मेट आत नेऊ देत नाहीत, मग लोक ती ओळख ना पाळख कुणाच्याही ओट्यावर ठेवून जातात. झेंडे कचऱ्यात टाकायचे नाहीत, वेगळे गोळा करून ठेवायचे. रस्ते झाडायला आपल्या गावाला कुणी शिकवायला नको, सकाळपर्यंत लख्ख होतात. राहतात ते बॅरिकेडच्या बल्ल्यांसाठी डांबराच्या कडेला पाडलेले वीतभर खड्डे. बल्ल्या उपटायला ठेकेदाराची माणसं येतात, खड्डे बुजवायला येत नाहीत. फोटो काढून महापालिकेच्या झोन ऑफिसला तक्रार त्याच आठवड्यात टाकावी. नंतर टाकली तर तिथे विचारतात, ‘कोणत्या सामन्याचा?’