तिचा एक डोळा

जुन्या पांघरुणांच्या गठ्ठ्यातून परवा बहिणीची बाहुली निघाली. उभी केली की डोळे उघडणारी, आडवी केली की मिटणारी. आता मात्र आडवी केल्यावर डावा डोळा मिटला आणि उजवा माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी हिचं डोकं उपटून मी आत बघितलं होतं. डोळ्यामागे एक चिमुकलं वजन असतं, बाहुली कलली की त्याच्या भाराने डोळा फिरतो. उजवीकडचं वजन अडकलं असणार, बस्स. एवढं सगळं ठाऊक असूनही मी तिला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. दहा मिनिटांनी वाटलं, पाठमोरी जास्तच वाईट दिसते आहे. पुन्हा सरळ केली.

झपाटलेल्या बाहुल्यांच्या गोष्टींत मला भुतापेक्षा माणसांच्या वागण्याचंच जास्त नवल वाटतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’ या गावी एका संग्रहालयात रॉबर्ट नावाचा बाहुला आहे. खलाशाच्या पांढऱ्या पोशाखात, मांडीवर एक छोटं खेळण्यातलं जनावर घेऊन बसलेला. 1904 च्या सुमारास जर्मनीतल्या श्टाइफ कंपनीत तो तयार झाला आणि जीन ओटो नावाच्या मुलाकडे आला. हा मुलगा पुढे चित्रकार झाला, पण बाहुला काही सुटला नाही. घरात काही मोडलं की ‘मी नाही, रॉबर्टने केलं’ असं तो म्हणायचा म्हणे. (मुलं कुणावर तरी ढकलणारच!) आता रॉबर्ट काचेच्या पेटीत असतो. फोटो काढण्याआधी त्याची परवानगी घ्यायची, असा तिथला शिरस्ता. न घेतलेले लोक घरी जातात, मग कुणाची गाडी बिघडते, कुणाची नोकरी जाते, आणि ते रॉबर्टला माफीचं पत्र लिहितात. अशी ढीगभर पत्रं तिथे आली आहेत. बाहुला नुसता बसून आहे, बाकीची धावपळ सगळी माणसांची.

ॲनाबेलचं तर अजूनच गमतीचं. सिनेमात दिसते ती चिनी मातीसारख्या चेहऱ्याची, बघताक्षणी घाबरवणारी. खरी ॲनाबेल म्हणजे लाल लोकरीच्या केसांची, तिकोनी नाकाची साधी चिंध्यांची बाहुली. 1915 साली पेटंट घेतलेल्या या नमुन्याच्या बाहुल्या कितीतरी मुलांनी उशाशी घेतल्या असतील. हिला मात्र एड आणि लोरेन वॉरन या भूतसंशोधक जोडप्याने काचेच्या पेटीत बंद केलं आणि वर हात न लावण्याचा इशारा लिहिला. तो इशारा वाचेपर्यंत कुणी तिला घाबरेल असं मला वाटत नाही. सिनेमावाल्यांनाही तसंच वाटलं असावं, एरवी चेहरा कशाला बदलला असता?

एडिसनची बोलकी बाहुली मात्र इशाऱ्याशिवायच भीतिदायक होती. 1890 मध्ये त्याने बाहुलीच्या पत्र्याच्या पोटात छोटा फोनोग्राफ बसवला. पाठीशी असलेला दांडा फिरवला की ती बालगीत म्हणायची. त्यासाठी कारखान्यात मुली कामाला होत्या, एकेका बाहुलीसाठी तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणायला. दांडा हाताने फिरवायचा, त्यामुळे वेग कमीजास्त व्हायचा, आणि यंत्रही नाजूक. आवाज किरकिरा, कुठूनतरी खोल विहिरीतून आल्यासारखा. काही आठवड्यांतच विक्री बंद पडली. त्यांतली काही ध्वनिमुद्रणं सुई न टेकवता, खाचांच्या नुसत्या प्रतिमा घेऊन संगणकावर पुन्हा उभी केली गेली आणि 2015 साली लोकांना ऐकायला मिळाली. मी ती रात्री ऐकली, ही चूक माझीच.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एर्न्स्ट येन्श याने 1906 मध्येच हे ओळखलं होतं. समोरची वस्तू सजीव की निर्जीव, हा संशय मिटला नाही की अंगावर काटा येतो, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं, फक्त थोडी भर घालावीशी वाटते. हा संशय बाहेरून येत नाही. आपणच लहानपणी तिला नाव दिलेलं असतं, ताप आला म्हणून तिच्या कपाळावर हात ठेवलेला असतो, ‘झोप आता’ म्हणून दटावलेलं असतं. मग एक दिवस आपण मोठे होतो आणि न सांगताच खेळ सोडून देतो. तिच्या बाजूने तो संपला की नाही, हे विचारायचं राहूनच जातं.

टोकियोत उएनोमधल्या कियोमिझु कान्नोन-दो या देवळात दरवर्षी 25 सप्टेंबरला लोक नको झालेल्या बाहुल्या घेऊन येतात. मंत्र म्हटले जातात, रीतसर निरोप दिला जातो आणि मगच बाहुल्या अग्नीच्या स्वाधीन होतात. यात भुताखेताचा भाग मला फारसा दिसत नाही. सोबत केलीस, आता ये, इतकंच.

बहिणीला फोन केला. ‘तुझी बाहुली सापडली. टाकून देऊ?’

‘टाक की,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘डोळा अजून अडकतो का रे तिचा?’

‘अडकतो.’

‘मग राहू दे.’

पांघरुणाच्या घडीत गुंडाळून तिला परत ठेवली. नाक तेवढं उघडं ठेवलं.