रकाना क्रमांक ७

दुसरी फेरी शुक्रवारी मध्यरात्री बंद झाली आणि सोमवारी सकाळी कुलसचिवांचा निरोप आला: दुपारी तीनच्या बैठकीसाठी मुलींच्या प्रवेशाबद्दल एक पानी टिपण हवं. असं टिपण मी गेली अकरा वर्षं करतोय. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, आकडे बदलायचे, ‘समाधानकारक’ हा शब्द आहे तिथेच ठेवायचा आणि सही करायची. वीस मिनिटांचं काम.

त्या दिवशी ते वीस मिनिटांत झालं नाही, कारण यंदाच्या नव्या संगणकप्रणालीने मला एक जास्तीचा रकाना दिला होता. आधी फक्त दोन आकडे मिळायचे, अर्ज किती आले आणि प्रवेश किती झाले. आता मधला आकडाही दिसत होता: जागा किती जणांना देऊ केली.

संपूर्ण विद्यापीठाचे आकडे नेहमीसारखेच गोंडस होते. पण काही अभ्यासक्रम आमच्या आसपास दुसरीकडे कुठेच नाहीत, त्यांना लांबलांबून विद्यार्थी येतात. सहज म्हणून तेवढेच वेगळे काढले. अर्ज करणाऱ्यांत मुली जवळजवळ निम्म्या. गुणवत्ता यादीत निम्म्याहून थोड्या जास्तच. आणि प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांत जेमतेम एक तृतीयांश.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला संशय गुणांचाच आला. तोक्योच्या वैद्यकीय विद्यापीठाचं २०१८ सालचं प्रकरण आमच्या क्षेत्रात कुणी विसरलेलं नाही. तिथे प्रवेशपरीक्षेत आधी सगळ्यांच्या निबंधाचे गुण कमी करायचे आणि मग ठरावीक मुलग्यांना वरून गुण द्यायचे, असा प्रकार वर्षानुवर्षं गुपचूप चालला होता. मुली डॉक्टर झाल्या तरी पुढे लग्न-बाळंतपणात काम सोडतील, ही त्यामागची समजूत. त्या वर्षी १४१ मुलगे घेतले गेले आणि ३० मुली. पण आमच्याकडे गुणांना कुणीच हात लावलेला नव्हता. उलट आम्ही मुलींना जागा दिल्या होत्या, रीतसर, यादीत नाव छापून. त्यांनी त्या घेतल्या नव्हत्या.

न घेणाऱ्यांची यादी काढली. ४३ मुली. टिपणात ‘वैयक्तिक कारणांमुळे’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. इतकी वर्षं मी तेच लिहीत आलो होतो बहुधा. पण मधला रकाना समोर दिसत असताना हात धजेना. आमच्या कक्षात नोंदणीचं काम बघणाऱ्या मॅडम आहेत, माझ्याहून वयाने वीसेक वर्षांनी लहान. त्यांना अर्धी यादी दिली, अर्धी मी घेतली, आणि आम्ही फोन लावायला बसलो.

मी काय ऐकायला मिळेल याची मनात तयारीच करून बसलो होतो. लग्न ठरलं, ऐपत नाही, मुलीला कशाला एवढं शिकवायचं. असं कुणीही म्हणालं नाही. पहिल्या फोनवर एक वडील होते, अगदी सभ्य माणूस.

“हो साहेब, नाव लागलं होतं. पोरगी हुशार आहे आमची. पण राहायचं काय?”

“वसतिगृह आहे की आपलं.”

“मिळेल का नक्की?”

“यादी लागेल. अजून लागायची आहे.”

“कधी?”

मी तारीख सांगितली. पलीकडे जरा शांतता. मग ते म्हणाले, “आणि पैसे शुक्रवारी भरायचे होते. म्हणजे पोरगी राहणार कुठे ते कळायच्या आधी मी पैसे भरायचे?”

दुसऱ्या फोनवर काका, तिसऱ्यावर पुन्हा वडील, मग कुणाचे तरी मेहुणे. शब्द वेगळे, प्रश्न तोच. खात्री करावी म्हणून मध्येच चार मुलग्यांना फोन लावले. हेच अभ्यासक्रम, असंच लांबचं अंतर, पण पैसे भरून मोकळे झालेले. एकाला विचारलं, खोली मिळाली नाही तर काय करशील? तो हसला. “बघू ना सर. पडीन मित्राकडे कुठेतरी.”

पडीन कुठेतरी. हे वाक्य ४३ जणींपैकी एकीच्याही घरून येणं शक्य नव्हतं. आधी पैसे, मग आठ-दहा दिवसांनी वसतिगृहाची यादी, हा क्रम मुलामुलींना एकच होता. नियमात कुठे ‘मुलगी’ हा शब्दसुद्धा नाही. त्यात वसतिगृहाचं म्हणणंही वावगं नव्हतं: जिचा प्रवेशच नक्की नाही तिला खोली कशी द्यायची? हे सगळं तर्काला धरून होतं. मला ते चांगलं माहीत होतं, कारण हे वेळापत्रक मीच बसवलेलं आहे. सहा वर्षांपूर्वी रिकाम्या जागा पटापट पुढच्या फेरीत जाव्यात म्हणून मी मुदत सात दिवसांवरून तीनवर आणली होती आणि त्याबद्दल कौतुकाचं पत्रही मिळवलं होतं.

बाराच्या सुमाराला मॅडमनी फोन ठेवला आणि विचारलं, “सर, तुमचं एकदा तरी मुलीशी बोलणं झालं का?”

मी माझ्या शेऱ्यांवरून नजर फिरवली. वडील, वडील, काका, भाऊ, वडील. लागलेल्या १७ फोनांवर एकही विद्यार्थिनी नव्हती.

“माझंही नाही,” त्या म्हणाल्या. “सात नंबरचा रकाना बघा.”

अर्जातला रकाना क्रमांक ७: भ्रमणध्वनी क्रमांक. कुणाचा ते लिहिलेलं नाही. घरात जो फोन हाताशी असतो, ज्याच्यावर पैसे भरण्याचे संदेश येतात, त्याचा नंबर जातो. नाव लागल्याचा संदेश त्याच्यावर, मुदतीची आठवण त्याच्यावर, लॉगिनचा ओटीपीही त्याच्यावरच. आम्ही जागा देऊ केली होती मुलीला आणि विचारत होतो तिच्या घरच्याला.

“मला हे आधी सुचलं असतं,” मॅडम जरा अडखळत म्हणाल्या, “पण माझ्या वेळी मलाही ते चमत्कारिक वाटलं नव्हतं. माझ्या अर्जावर बाबांचाच नंबर होता.”

दीड वाजता डबा उघडला तर टेबलावरचा फोन वाजला. अनोळखी नंबर, दबका आवाज.

“सर, सकाळी आमच्या घरी तुमचा फोन आला होता का?”

मी नाव विचारलं. नाव यादीत होतं आणि पुढे माझ्याच अक्षरात शेरा होता: ‘इच्छुक नाही (भाऊ)’. त्या भावाशी सकाळी मिनिटभर बोललो होतो. ती नाही येणार साहेब, म्हणाला होता. तिला फोन द्या म्हटल्यावर, ती घरात नाही.

“हो, केला होता,” मी म्हणालो.

“म्हणजे माझं नाव लागलं होतं?”

या खुर्चीत बसून मला शिव्या मिळाल्या आहेत, धमक्या मिळाल्या आहेत, एकदा एका पालकाने फाइल फेकून मारली होती. पण हा प्रश्न कधी आला नव्हता. यादी लागून सहा दिवस झाले होते. संकेतस्थळावर आहे, कुणीही बघू शकतं, असं आम्ही नेहमी ऐटीत सांगतो. बघायला फोन लागतो.

“लागलं होतं,” मी म्हणालो. “शुक्रवारी रात्रीपर्यंत पैसे भरायचे होते.”

बराच वेळ काही आवाज नाही. फोन कट झाला की काय असं वाटलं. मग ती म्हणाली, “मी रोज विचारायचे दादाला. तो म्हणायचा, नाही लागलं. आज जेवताना तोच आईला सांगत होता, विद्यापीठातून फोन आला होता म्हणून.” आणि एकदम घाईने, “तो वाईट नाहीये सर. त्याला वाटलं असेल, वसतिगृहाचं काही कळत नाही, उगाच मला...”

तिने वाक्य पुरं केलं नाही. मीही त्या भावावर चिडायच्या आधी माझं वेळापत्रक आठवलं आणि गप्प बसलो.

गेलेली जागा मी परत देऊ शकत नव्हतो. ती आपोआप तिसऱ्या फेरीत गेली होती आणि तिच्यावर आता दुसऱ्या कुणाचा हक्क होता, कदाचित दुसऱ्या मुलीचाच. तिसऱ्या फेरीत ही उतरू शकत होती. पण त्यासाठी लॉगिन करून संमतीचं बटण दाबायचं, लॉगिनला ओटीपी लागणार, ओटीपी दादाच्या फोनवर. नंबर बदलायचा तर त्यालाही ओटीपी, तोही जुन्याच नंबरावर. दुसरा मार्ग एकच, ओळखपत्र घेऊन स्वतः खिडकीवर यायचं.

“उद्या येऊ शकशील?”

“किती वाजेपर्यंत असता तुम्ही?”

“साडेपाच.”

“बरं,” ती म्हणाली. येते म्हणाली नाही.

बैठकीत मी टिपण वाचलं. ‘समाधानकारक’ काढला होता. अध्यक्षस्थानी एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. म्हणाले, जगभरात आज विद्यापीठांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे, आपण कुठल्या काळातला प्रश्न उकरतोय? त्यांचं विधान खोटं नाही. एकूण बेरजेत ते खरं आहे, आणि बेरजेची अडचण हीच की घराजवळचं, दुसऱ्या पसंतीचं कॉलेज घेतलेली मुलगीही त्यात एक म्हणूनच धरली जाते. एका तरुण सहकारी बाईंनी तिथे गिरिजा बोरकर यांच्या अभ्यासाचा दाखला दिला. दिल्लीतल्या कॉलेजांबद्दलचा तो अभ्यास आहे: जाण्यायेण्याचा रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून मुली हाताशी आलेलं चांगलं कॉलेज सोडून कमी दर्जाचं कॉलेज पत्करतात, मुलगे असा सौदा फारसा करत नाहीत. अध्यक्षांनी मान हलवली. पटली की नुसती हलवली, कळलं नाही.

बाकी बैठकीचं काय सांगायचं. वसतिगृहप्रमुख खोल्या अडकून पडतील म्हणाले, लेखा विभाग परताव्याची कटकट सांगत राहिला. शेवटी एवढंच पदरात पडलं: फक्त तिसऱ्या फेरीपुरतं, जागा देऊ करणाऱ्या पत्रावरच तात्पुरती खोलीही छापायची, आणि पैसे भरायला पाच दिवस. ‘प्रायोगिक तत्त्वावर’. हे दोन शब्द आमच्याकडे कशाचंही भूत उतरवायला वापरतात. रकाना सातची गोष्ट ‘पुढील वर्षी विचारार्थ’.

सभागृहाबाहेरच्या मार्गिकेत गेल्या वर्षीच्या प्रदर्शनाचे फलक अजून उभे आहेत, विषय ‘विद्यापीठांतील स्त्रिया’. त्यावरचा मजकूर मीच तपासला होता. १६७८: एलेना कोर्नारो पिस्कोपिया, पादुआ विद्यापीठाची तत्त्वज्ञानातली पदवी, धर्मशास्त्रातली चर्चने बाईला नाकारली. १८६७: नादेझ्दा सुस्लोव्हा, झुरिचमधून डॉक्टर. १८९७: केंब्रिजमध्ये मुलींना पदवी द्यावी का यावर मतदान, विरोधात १,७०० हून अधिक मतं, आणि बाहेर सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगलेला. शेवटचा फलक अफगाणिस्तानचा. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे मुलींना विद्यापीठांची दारं बंद केली गेली. हे सगळे ढळढळीत नकार. फलकावर शोभून दिसतात.

त्या संध्याकाळी मात्र मी एका मधल्याच फलकापाशी थांबलो. तपासताना तिथे फक्त ऱ्हस्वदीर्घ बघितलं होतं. १८७० मध्ये केंब्रिजात मुलींसाठी व्याख्यानं सुरू झाली. बाहेरून मुली यायला तयार होत्या, पण त्यांनी राहायचं कुठे? म्हणून १८७१ मध्ये हेन्री सिज्विक या प्राध्यापकांनी एक घर भाड्याने घेतलं, ॲन क्लफ या बाईंनी ते चालवायला घेतलं आणि पाच मुली तिथे राहायला आल्या. त्याचंच पुढे न्यूनम कॉलेज झालं. केंब्रिजची पदवी मुलींना रीतसर मिळायला १९४८ उजाडावं लागलं. खोली सत्त्याहत्तर वर्षं आधी मिळाली होती.

मंगळवारी मी खिडकीवरच बसून होतो. माझं ते काम नव्हे, आणि खिडकीवरच्या लिपिकाला ते आवडलंही नाही. पाच वाजले. पाच दहा झाले. मग दोघी जणी धापा टाकत आल्या. एकीने ओळखपत्र पुढे केलं. फोटोपेक्षा वाळली होती जरा, पण तीच.

“दादाला सांगितलंस?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“आईला सांगितलंय,” ती म्हणाली.

मी अर्ज उघडला, ओळखपत्र पडताळलं, रकाना सातमधला जुना नंबर पुसला. “नवा सांग.”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मैत्रिणीने आपला नंबर सांगितला. तिनेही आमच्याकडेच अर्ज केला होता, वेगळ्या शाखेत. हिच्याकडे फोन नव्हता. काल दुपारचा फोनही मैत्रिणीचाच होता.

मी दहा आकडे भरले आणि ‘जतन करा’ दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली: हा क्रमांक दुसऱ्या अर्जदाराच्या नावावर नोंदलेला आहे.

पुन्हा दाबलं. पुन्हा लाल पट्टी. घड्याळात पाच वाजून अठरा मिनिटं. मी संगणक विभागातल्या पोराला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“सर, ते नाही होणार,” तो म्हणाला. “एका नंबरावर एकच अर्ज. बोगस अर्ज थांबवायला अट टाकलीय.” मग थोडं चाचरत, “तुमच्याच सहीचं पत्र आहे, सर.”

“माहीत आहे मला,” मी म्हणालो. “काढ ती. कागद मी मागून पाठवतो. बारा मिनिटं आहेत.”