ट्रान्सफर प्लॅनर सुधारायला गेले आणि एका फॉर्मने सात आठवडे खाल्ले

आधीच सांगते, हे वैतागून लिहितेय. काम झालंय, पण राग अजून उतरलेला नाही.

आमच्या कॉलेजात, दुसऱ्या कॉलेजातून मधेच बदलून येणाऱ्यांसाठी, एक ट्रान्सफर प्लॅनर आहे. आधीच्या कॉलेजात झालेले कोर्स टाकायचे, इथला मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडायचा, मग तो दाखवतो की यातलं काय धरलं जाईल आणि काय अजून करावं लागेल. मी स्वतः ट्रान्सफर होऊन आलेय आणि याच प्लॅनरने मला दोनदा गंडवलंय, त्यामुळे तो सुधारायला विद्यार्थी हवेत म्हटल्यावर लगेच नाव दिलं.

कोडचं काम पटापट झालं. एक बग मात्र सांगतेच, कारण तो मी पकडला आणि त्याचा थोडा माज आहे. वर्षाला तीन टर्म असलेल्या क्वार्टरवाल्या कॉलेजचं १ क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक) म्हणजे वर्षाला दोन टर्मच्या सेमिस्टरवाल्याचं दोन तृतीयांश. म्हणजे ४ क्रेडिटचा कोर्स इकडे २.६७ होतो. प्लॅनर प्रत्येक कोर्सचे दशांश आधी उडवायचा आणि मग बेरीज करायचा! असे चार कोर्स असतील तर खरे १०.६७, आणि हा दाखवणार ८. जवळजवळ एका अख्ख्या कोर्सचे क्रेडिट हवेत. आधी बेरीज मग राउंडिंग, एवढंच बदललं.

आता खरं दुखणं. फिजिक्स. तिकडचे तीन क्वार्टर कोर्स, ५-५ क्रेडिटचे, मिळून इकडचे दोन सेमिस्टर कोर्स होतात. १५ चे १०, हिशोब सरळ आहे. पण तिन्ही झाले तरच. पहिले दोन करून आलात तर तिसऱ्यातला भाग राहतो आणि बहुतेक वेळा दुसरा सेमिस्टर कोर्स इथे परत करावा लागतो. प्लॅनर मात्र एकास एक जोड्या लावायचा, त्यामुळे दोन झालेल्या पोराला दोन्हीसमोर हिरवी टिक. मला पण तीच दिसलेली.

म्हटलं डेटा उघडून बघू. नियम तिथे होता हो! समकक्षतेच्या शीटमध्ये, म्हणजे बाहेरचा कुठला कोर्स इथल्या कुठल्या कोर्सच्या जागी धरायचा त्या यादीत, शेवटी ‘शेरा’ म्हणून कॉलम, त्यात कुणीतरी टाईप केलेलं, ‘तिन्ही पूर्ण असल्यासच’. माणसाला कळतं, सॉफ्टवेअर तो कॉलम वाचतच नव्हतं. आम्ही आपल्या मनाने दुरुस्त करू शकत नाही, कारण शीटची मालकी एका ऑफिसची. ते म्हणाले विभागाची सही आणा. विभाग म्हणाला आम्ही कधीच दिलीय, ऑफिसला विचारा. शेवटी बदलाचा फॉर्म भरायचा ठरलं आणि त्या फॉर्ममध्ये, बघा, ‘बाहेरचा कोर्स कोड’ला एक डबा आणि ‘आपला कोर्स कोड’ला एक डबा. बस्स. मी एका डब्यात तीन कोड स्वल्पविराम देऊन लिहिले. नऊ दिवसांनी परत, ‘एकच कोड लिहावा’. मग तीन वेगळे फॉर्म भरले, प्रत्येकावर टीप की हे एकत्र वाचा. परत, ‘एकाच बदलासाठी एकाहून जास्त अर्ज’. तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन उभी राहिले, तेव्हा काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, अगं वर पहिला कोड टाक आणि बाकीचं जोडपत्रात दे, सगळे तसंच करतात. सगळे?? मग हे फॉर्मवर लिहायला काय होतं? चौथ्या दिवशी मंजूर. सात आठवडे गेले त्यात.

त्यानंतर ‘हे सगळे मिळून’ आणि ‘यातलं कुठलंही एक’ असे दोन प्रकार नीट वेगळ्या कॉलममध्ये घातले, आता अर्धवट सेटला पिवळं येतं आणि खाली काय राहिलंय तेही.

असं काही करत असाल तर कोडला हात लावायच्या आधी शेऱ्याचा कॉलम वाचा, खरे नियम तिथेच लपलेले असतात. मंजूर झालेल्या बदलाला ‘कुठल्या वर्षापासून लागू’ हे मागून घ्या, आम्ही विसरलो आणि जुन्या विद्यार्थ्यांचे प्लॅन एका रात्रीत बदलले, मग धावपळ. ट्रान्सफर करणाऱ्यांनो, क्रेडिट मिळणं आणि मेजरची अट भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कोर्स ‘इलेक्टिव्ह’मध्ये, म्हणजे ऐच्छिकमध्ये, गेला तर आकडा वाढतो पण तो विषय करायचा राहतोच. समकक्षता उलट्या दिशेने, म्हणजे इथून तिकडे जाताना, पण लागू होईल असंही धरू नका.

आणि हो, हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, तुम्ही ज्या वर्षी कोर्स केला त्या वर्षीचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा. माझा त्या फॉर्मला जोडायला लागला तेव्हा साइटवर फक्त नवीन होता, जुना मैत्रिणीच्या मेलमध्ये सापडला.