न्यूट्रॉन ताऱ्याच्या अंतरंगाची एक वरची मर्यादा

१७ ऑगस्ट २०१७ रोजी, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, पृथ्वीवर पोहोचल्या. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगो या वेधशाळेच्या उपकरणांनी त्या टिपल्या. इटलीतील व्हर्गो या तशाच उपकरणात त्या जेमतेमच उमटल्या आणि त्या जेमतेम उमटण्यामुळेच आकाशातला शोधाचा पट्टा बराच अरुंद झाला. काही तासांतच सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत त्या स्फोटाचा प्रकाश सापडला आणि सोने-प्लॅटिनम कुठे तयार होते याच्या बातम्या जगभर झळकल्या. त्या बातम्या खऱ्याच होत्या. पण माझ्या मते त्या दिवसाची टिकाऊ कमाई म्हणजे एक आकडा आहे, आणि तोही नेमका नव्हे, न्यूट्रॉन तारा किती विकृत होऊ शकतो याची केवळ वरची मर्यादा सांगणारा.

न्यूट्रॉन ताऱ्यात सूर्याच्या सुमारे दीडपट वस्तुमान जेमतेम बारा किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोंबलेले असते. अणुकेंद्रकातील द्रव्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २७ कोटी टन भरते आणि या ताऱ्याच्या गाभ्यात ती त्याच्याही कित्येक पट असते. तिथे न्यूट्रॉन शाबूत राहतात, हायपेरॉनसारखे जड कण तयार होतात, की न्यूट्रॉन विरघळून ते ज्यांचे बनलेले असतात ते क्वार्क मोकळे होतात, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. जड अणुकेंद्रकांच्या टकरीत घनता वाढवता येते, परंतु ते द्रव्य प्रचंड तप्त असते आणि त्यात प्रोटॉनही भरपूर असतात. ताऱ्यातले द्रव्य त्या मानाने थंड आणि जवळजवळ न्यूट्रॉनमय असते. म्हणून भौतिकशास्त्रज्ञ घनतेनुसार दाब किती वाढतो हे सांगणारी निरनिराळी ‘अवस्था समीकरणे’ मांडतात. प्रत्येक समीकरणातून दिलेल्या वस्तुमानाच्या ताऱ्याची वेगळी त्रिज्या निघते.

गुरुत्वीय लहरी इथेच उपयोगी पडतात. दोन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तेव्हा, चंद्रामुळे समुद्राला भरती यावी तसा, प्रत्येक तारा दुसऱ्याच्या ओढीने किंचित लांबट होतो. ही विकृती घडवण्यात कक्षेची थोडी ऊर्जा खर्च होते, शिवाय लांबट झालेले तारे लहरीही अधिक सोडतात. परिणामी ते बिंदुवत् असते तर जितक्या वेगाने जवळ आले असते त्याहून किंचित लवकर एकमेकांवर आदळतात. तारा किती विकृत होतो हे मोजणारा गुणांक ऑगस्टस लव्ह या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्याने तो विसाव्या शतकाच्या प्रारंभी पृथ्वीच्या अभ्यासासाठी योजला होता. न्यूट्रॉन ताऱ्याच्या बाबतीत या गुणांकाला त्रिज्या आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तराच्या पाचव्या घाताने गुणावे लागते. तो पाचवा घात महत्त्वाचा, कारण त्रिज्या दहा टक्क्यांनी वाढली तर एवढ्यामुळेच हा गुणाकार, म्हणजे ताऱ्याची विकृतीक्षमता, सुमारे साठ टक्क्यांनी वाढते.

२०१७ च्या संकेतातील सुमारे ३००० आवर्तनांपैकी बहुतेकांवर हा परिणाम नगण्यच होता. तो अखेरच्या, उच्च वारंवारतेच्या भागात डोके वर काढतो, जिथे उपकरणांची संवेदनशीलता ओसरत जाते. लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत तर विलीनीकरणाच्या सेकंदभर आधी एक मोठा गोंगाटी झटका आला होता आणि तो हिशेबातून काळजीपूर्वक वजा करावा लागला. एवढे करूनही ठसठशीत विकृती दिसली नाही, आणि न दिसणे हेच उत्तर ठरले. तारे फार फुगीर असते तर परिणाम लपला नसता, म्हणून घनतेबरोबर दाब झपाट्याने वाढतो असे मानणारी आणि त्यामुळे मोठी त्रिज्या देणारी अनेक ‘ताठर’ समीकरणे बाद झाली. दुसऱ्या बाजूने, २०१० पासून सूर्याच्या सुमारे दुप्पट वस्तुमानाचे पल्सार, म्हणजे फिरता फिरता नियमित स्पंद पाठवणारे न्यूट्रॉन तारे, सापडत आले आहेत. एवढा भार पेलायचा तर द्रव्य फार ‘मऊ’ असून चालत नाही. दोन्ही अटी एकत्र लावल्यावर त्रिज्या सुमारे ११.९ किलोमीटर, १.४ किलोमीटर इकडेतिकडे, अशी निघाली. पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील नायसर दुर्बिणीने क्ष-किरणांच्या साहाय्याने, पूर्णपणे वेगळ्या पद्धतीने, साधारण बारा ते तेरा किलोमीटरच्या आसपासच त्रिज्या मोजली. दोन स्वतंत्र वाटा एकाच गावात पोहोचल्या, याचे मला एखाद्या अचूक आकड्यापेक्षा अधिक मोल वाटते.

मात्र गाभ्यात क्वार्क आहेत की नाहीत, हे त्रिज्येवरून ठरत नाही. त्यासाठी आदळल्यानंतरचा क्षण ऐकावा लागेल: विलीन झालेला गोळा लगेच कोसळून कृष्णविवर झाला नाही, तर तो दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास थरथरतो, आणि त्या थरथरीची वारंवारता सर्वाधिक घनतेच्या द्रव्यावर अवलंबून असते. २०१७ मध्ये तो भाग गोंगाटात बुडाला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाकडून आपल्याकडे पुष्कळ अपेक्षा आहेत आणि स्रोताची दिशा ठरवण्यात तिचा वाटा मोठा असेल. पण अमेरिकेतल्या उपकरणांसारखीच तिची रचना असल्याने ही थरथर ऐकण्याचे काम प्रामुख्याने युरोपात नियोजित असलेल्या आइन्स्टाइन टेलिस्कोपसारख्या पुढच्या पिढीच्या उपकरणांकडेच जाईल. तोवर अनेक विलीनीकरणांच्या विकृतीमापांची बेरीज करत त्रिज्येची ती १.४ किलोमीटरची अनिश्चितता कमी करत नेणे, एवढे काम लायगो, व्हर्गो आणि लायगो-इंडिया मिळून करू शकतील.