पिस्टनचा रस, खिडकीचा रस: हीटसिंकच्या धातूची नोंद

मंडळी, सोलर पंपाच्या कंट्रोलरसाठी घरीच हीटसिंक (कंट्रोलरची उष्णता हवेत सोडणारा, पातळ पात्यांचा म्हणजे पंख्यांचा धातूचा ठोकळा) ओतायचं काम आता धातू निवडण्यापर्यंत आलंय. मे महिन्यात आपल्याकडं पारा 43 च्या पुढं जातो, पत्र्याच्या पेटीत तर त्याहून जास्त. त्यामुळं ओतीव अॅल्युमिनियम उष्णता किती वाहून नेतं, यावर सगळं अडलंय.

भंगारातून तीन माल घेतले: जुन्या सर्व्हिस वायरीची तार, स्लायडिंग खिडकीचे सेक्शन आणि मोटरसायकलचे पिस्टन. वाळूजची औद्योगिक वसाहत जवळ असल्यानं पिस्टनला तोटा नाही. तिन्हींच्या कांड्या ओतून लेथवर 8 मिमी जाडीला आणल्या.

उष्णता थेट मोजणं घरी जिकिरीचं. पण धातूत वीज आणि उष्णता दोन्ही मुख्यतः इलेक्ट्रॉनच वाहून नेतात, म्हणून विजेचा रोध मोजला तरी अंदाज येतो. कांडीतून 20 अँपिअर सोडायचे आणि 25 सेंमी अंतरावर दोन टोकदार प्रोब टेकवून मिलिव्होल्ट वाचायचे. या मापांत गंमत अशी, की मिलिव्होल्टचा आकडा म्हणजेच जवळजवळ रोधकता (धातूचा विजेला अडवण्याचा मूळ गुण; जितकी कमी तितकं वहन चांगलं), माइक्रोओहम-सेंमीमध्ये. वेगळं गणित नको. प्रोब विजेच्या क्लिपांपासून लांब हवेत, नाहीतर जोडाचा रोध मध्ये घुसतो.

तार 2.8, खिडकी 3.4, पिस्टन 5.9.

पिस्टनमध्ये साधारण 12 टक्के सिलिकॉन असतं, शिवाय थोडं तांबं आणि निकेल. सिलिकॉनमुळं धातू तापल्यावर कमी फुगतो. शुद्ध अॅल्युमिनियमचा प्रसरणांक 23.6, तर या जातीचा 19-20 च्या आसपास (दर अंशाला दशलक्षांश). सिलिंडरमध्ये तेच हवं असतं.

पण रोधकतेसाठी किती टक्के मिसळलं, यापेक्षा ते अणू कुठं बसलेत हे जास्त महत्त्वाचं. 1 टक्का मँगेनीज अॅल्युमिनियममध्ये विरघळलेलं असेल तर रोधकता 2.9 ने वाढते, म्हणजे शुद्ध धातूच्या दुपटीवर जाते. तेच मँगेनीज वेगळे कण होऊन बाहेर पडलं तर वाढ जेमतेम 0.34. सिलिकॉनचं तसंच: विरघळलेलं 1.02, बाहेर पडलेलं 0.09. जस्त मात्र विरघळलं तरी 0.1 च्या आतच. क्रोमियम सगळ्यांत वाईट, 4. म्हणून विजेच्या तारेच्या धातूत कारखाने बोरॉन टाकतात. टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम त्याच्याशी जोडी करून कणरूपानं बाहेर पडतात.

हे हातानं करून बघायचंच होतं. पिस्टनची तीच कांडी मफल भट्टीत 300 अंशांवर चार तास ठेवली, सावकाश थंड केली. ओतताना लोखंडी साच्यात रस झटकन गोठतो, तेव्हा सिलिकॉन आत अडकून राहतं. त्याला बाहेर पडायला हा वेळ मिळाला. पुन्हा मोजलं तर 4.9! एक कणही न मिसळता वहन साधारण वीस टक्क्यांनी सुधारलं. कांडी मऊ पडली, पण हीटसिंकला कडकपणा कुठं लागतो?

मग तारेचंच का ओतू नये? कारण तो रस पातळ पंख्यांत पोचत नाही, आणि पोचला तर आकसताना तडकतो. सिलिकॉनचा रस कसा पाण्यासारखा धावतो. म्हणून पुढचा घाणा तार आणि पिस्टन वजनानं निम्मे-निम्मे: सिलिकॉन 6 टक्क्यांवर येईल, तांबं-निकेलही अर्ध्यावर. कुणी या मेळाचे पंखे 2 मिमीपर्यंत ओतले असतील तर साचा किती तापवला होता, ते जरूर कळवा.