स्कीइंगसाठी गाडी बघताना

आज अख्खा दिवस गाड्या बघण्यात गेला. हिवाळ्यात पोरांना घेऊन स्कीइंगला जायचं तर गाडी कसली हवी यावर घरात प्रत्येकाचं मत वेगळं, आणि सेल्समनचं एकच पालुपद, ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी) घ्या, टेन्शन नाही. अहो पण ते बर्फात गाडी हलवायला नि चढ चढायला कामाचं, ब्रेक मारल्यावर गाडी थांबणार ती टायरच्याच जोरावर ना! विंटर टायरचं रबर ७ डिग्रीच्या खालीही मऊ राहतं, समर टायरचं कडक होत जातं. आणि टायरवर तीन शिखरांचा डोंगर नि आत हिमकण अशी खूण बघून घ्यायची, नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल नि बर्फ) लिहिलेलं असलं तर बर्फाची टेस्ट झालीच असेल असं नाही.

डिकीचं पण तेच, लिटरचे आकडे ऐकवत बसतात, पण मोठ्या माणसाची स्की १६०-१७० सेंटीमीटर, ती आडवी मावणार कुठे? मागची सीट ४०-२०-४० अशी तीन भागांत फोल्ड होत असेल तर मधला भाग पाडून तिथून स्की सरकवायच्या नि दोन्ही पोरांना खिडकी, ६०-४० अशी दोनच भागांत असेल तर एकाला मधे बसवा आणि मग पूर्ण रस्ताभर भांडणं ऐका. टपावर लावायचा रूफ बॉक्स आहेच, पण इंधन जास्त जातं.

इलेक्ट्रिक मला आवडली खरी, थंडीत रेंज कमी होते पण हीट पंपवाली (कमी विजेत गाडी आतून गरम ठेवणारी) घेतली तर जरा बरं. बायकोला सेव्हन सीटरच हवीय, तिसरी रांग उघडली की डिकी गायब हे तिला कोण सांगणार 😄