चारमँडर, ब्रॉक आणि आजीकडची वही

२००५ च्या मे महिन्यात, आठवीची परीक्षा आटोपून मी सांगलीला आजीकडे गेलो होतो. माझा मामेभाऊ, आमचा दादा, तेव्हा सिंगापूरला नोकरी करायचा. सुट्टीला येताना त्याने त्याचा जुना, हातात धरून खेळायचा गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपी माझ्यासाठी आणला, आत पोकेमॉन फायररेड या गेमची कॅसेट. पोकेमॉन म्हणजे पकडून वाढवायचे आणि एकमेकांशी लढवायचे प्राणी. "माझा सेव्ह पुसलास तरी चालेल," तो म्हणाला, "पण सुरुवातीला कोणाला घेतोस ते नीट ठरव."

मी आगीचा पोकेमॉन चारमँडर घेतला. बल्बासॉर वाढवायला सोपा आणि चारमँडर मात्र धीराने वाढवावा लागतो, हे गेममधले प्रोफेसर ओक निवडीच्या वेळीच सांगतात. मला ते तेव्हा नुसतं बोलणं वाटलं. मला त्याच्या शेपटीवरची ज्योत आवडली होती. ती ज्योत म्हणजे त्याचा जीव, ती विझली की तो संपला, हे वाचल्यावर तर त्याला सोडून दुसऱ्या कोणाला घेणं शक्यच नव्हतं.

पहिल्या जिममध्येच, म्हणजे तिथल्या प्रमुखाला लढतीत हरवायचं त्या ठिकाणी, अडकलो. प्यूटर सिटीचा ब्रॉक दगडाचे पोकेमॉन ठेवतो: १२ लेव्हलचा जिओड्यूड आणि १४ लेव्हलचा ओनिक्स. दगडावर आगीचा परिणाम निम्मा होतो आणि दगडाचा घाव आगीला दुप्पट लागतो. माझा चारमँडर १२ लेव्हलचा होता, त्याच्याकडे स्क्रॅच आणि आगीचा एम्बर हे हल्ले. ओनिक्सच्या रॉक टूम या दगडाच्या एका हल्ल्याने त्याचं निम्म्याहून जास्त बळ गेलं, दुसऱ्याने तो पडला.

त्या रात्री मी एक जुनी दोनशे पानी वही काढली आणि प्रत्येक लढतीची नोंद सुरू केली. कोणी काय वापरलं, किती गेलं, किती उरलं. इंटरनेट घरी नव्हतं, विचारायला दादाही परत गेला होता. जे कळायचं ते त्या वहीतूनच कळणार होतं.

१३ लेव्हलला चारमँडर मेटल क्लॉ शिकला. पोलाद दगडाला भारी पडतं, त्यामुळे आता जिंकणारच असं वाटलं. आणखी दोनदा हरलो. वहीतले आकडे पाहिल्यावर लक्षात आलं की जिओड्यूड सारखा डिफेन्स कर्ल करतो आणि दर वेळी मेटल क्लॉचा घाव आणखी हलका होतो. एम्बरचा घाव मात्र तेवढाच राहतो. फायररेडमध्ये हल्ला शारीरिक की स्पेशल हे त्याच्या प्रकारावरून ठरतं: पोलाद, दगड शारीरिक, आग, पाणी स्पेशल. डिफेन्स कर्लने फक्त शारीरिक बचाव वाढतो. मला हे नियम म्हणून माहीत नव्हतं, पण वहीच्या दोन रकान्यांत ते स्वच्छ दिसत होतं.

मग उलट बाजूने विचार केला. रॉक टूमही शारीरिक. म्हणजे ओनिक्सची ताकद कमी केली तर रॉक टूमही कमी लागेल. आणि ताकद कमी करणारा ग्रोल तर चारमँडरला पहिल्या दिवसापासून येत होता! मी तो कधी वापरलाच नव्हता. ज्याने घाव बसत नाही तो डाव वाया, असं मी धरून चाललो होतो. दोनदा ग्रोल केलं की समोरच्याची ताकद निम्मी होते.

तरी लेव्हल कमीच पडत होती. ब्रॉकला हरवल्याशिवाय प्यूटरच्या पूर्वेची वाट मोकळी होत नाही, त्यामुळे सरावाला मागचं व्हिरिडियन जंगल आणि आसपासचे दोन-तीन रस्ते एवढंच. तिथे केटरपी आणि वीडल, तीन ते पाच लेव्हलचे. एम्बर पंचवीस वेळा मारता येतो. तो संपला की पोकेमॉन सेंटरला परत, आणि पुन्हा गवतात. एकेका किड्याकडून मिळणारा एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण) इतका थोडा की पट्टी हलल्यासारखी वाटायची नाही. तेव्हा सांगलीत भारनियमन होतं. दुपारी वीज गेली की पंखा बंद, सगळे ओसरीत, आणि मी कोपऱ्यात एसपी उघडून बसलेला. हिरवा दिवा लाल झाला की वीज येईपर्यंत वाट बघायची. "ठेव की ती पाल बाजूला, जेवून घे," असं आजी रोज म्हणायची. चारमँडरच्या जपानी नावात खरंच आग आणि पाल हेच दोन शब्द आहेत, हे मला फार नंतर कळलं.

अशाच एका अंधाऱ्या संध्याकाळी १६ लेव्हल झाली आणि चारमँडरचा चारमेलियन झाला. पडद्याच्या उजेडात मी आजीला हाक मारली. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "मोठा झाला की रे."

दुसऱ्या दिवशी ब्रॉक. जिओड्यूडला आधी मेटल क्लॉ, तो वळकटी करून बसल्यावर एम्बर. ओनिक्स आल्यावर पहिले दोन डाव फक्त ग्रोल. रॉक टूम बसला आणि चारमेलियन तगला. एक पोशन, मग मेटल क्लॉ, पुन्हा मेटल क्लॉ. बोल्डर बॅज मिळाल्यावर मी वहीत फक्त तारीख लिहिली.

सेरुलियनच्या जिममधल्या मिस्टीपुढे मात्र मी हट्ट केला नाही. तिच्या पाण्याच्या स्टारमीसाठी शहराच्या उत्तरेला गवताची ऑडिश पकडली, तिला स्लीप पावडर येईपर्यंत वाढवली आणि चारमेलियनला बाजूला बसवलं. पाण्यासमोर त्याला ढकलणं मला अन्याय वाटला असता.

त्याच सुमाराला चारमेलियनच्या माहितीच्या पानावरचा 'मॉडेस्ट' हा शब्द माझ्या डोक्यात बसला. अशा पंचवीस स्वभावांपैकी एक प्रत्येक पोकेमॉनला मिळतो. मॉडेस्टचा अर्थ मला सुट्टी संपल्यावर सायबर कॅफेत मिळाला: शारीरिक हल्ला दहा टक्के कमी, स्पेशल हल्ला दहा टक्के जास्त. म्हणजे ब्रॉकसमोर ज्या मेटल क्लॉवर माझी सगळी भिस्त होती, तो त्याच्या स्वभावातच कच्चा होता. त्याने तरी तो मारला होता. वही पुन्हा उघडून मी ती पानं वाचली तेव्हा त्या चारमेलियनबद्दल माया दाटून आली.

आणि ३४ लेव्हलला तो फ्लेमथ्रोअर शिकला. तोच स्वभाव आता कामी आला. सेलाडॉनच्या जिममधल्या एरिकाकडे व्हिक्ट्रीबेल, टँगेला, व्हाइलप्लूम, तिन्ही गवताचे. तिघांसाठी मिळून मला चार डावही लागले नाहीत.

३६ ला चारिझार्ड झाला. पंख पसरताच त्याला विंग अटॅक शिकायचा होता, पण चारच हल्ले ठेवता येतात. ग्रोल, मेटल क्लॉ, स्मोकस्क्रीन, फ्लेमथ्रोअर. कोणता विसरायचा, असा प्रश्न पडद्यावर होता. एव्हाना ग्रोलची गरज क्वचितच पडायची, पुढे तर आणखी कमी पडणार होती, हे मला वहीवरून दिसत होतं. बराच वेळ मी बटण दाबलं नाही. मग मेटल क्लॉ काढला आणि ग्रोल ठेवला.